अकरा पावलं

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात माझा पहिला नंबर आला, त्या दिवशी कारभारी नाना उजवा हात प्लास्टरमध्ये घालून ओट्यावर बसले होते. दोन्ही गोष्टी माझ्यामुळेच झाल्या होत्या. पहिली सगळ्या गावाला माहीत होती. दुसरी फक्त मला आणि स्नेहलला.

नववीपर्यंत मी वर्गात तोंड उघडत नव्हते. कुणी नाव विचारलं तरी स्नेहलच सांगायची, "तिचं नाव मोनिका हाय." दहावीत मात्र पंधरा ऑगस्टला दहिफळे सरांनी मला जबरदस्तीनं भाषणाला उभं केलं. चौथ्याच वाक्याला माईक बंद पडला आणि मी घाबरून ओरडूनच बोलायला लागले, तर मागे लिंबाखाली बसलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत आवाज गेला. टाळ्या पडल्या! त्या दिवशी मला कळलं की माझ्याकडे आवाज आहे. मग काय, मी तो सगळीकडे वापरायला लागले. नळावर, एसटीत, ग्रामसभेत सुद्धा. सविता काकू म्हणायची, "हिच्या तोंडाला आता झाकनच राह्यलं न्हाई."

मी काकूकडे राहते, कारण दिवाळी झाली की माझे आईवडील ऊसतोडीला जातात. आमच्या वस्तीवरची निम्मी घरं जातात. चुली बंद, दारांना कुलपं, आणि मागे राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि कोंबड्या.

जिथून टोळ्यांचे ट्रॅक्टर निघतात तिथे टणक माळाचा एक तुकडा आहे. मधोमध जमिनीत पुरलेला एक चपटा दगड, आणि त्याच्यापासून अकरा-अकरा पावलांवर, चार बाजूंना, चुना लावलेले चार दगड. एक उगवतीचा, एक मावळतीचा, एक गंगेकडचा. गंगा म्हणजे आमची गोदावरी, ती उत्तरेला. दक्षिणेला यम राहतो, पण त्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून बायका चौथ्याला नुसतं 'खालचा दगड' म्हणतात.

टोळी निघायच्या पहाटे प्रत्येक घरातली बाई आपल्या उंबऱ्याजवळची माती मुठीत घेऊन येते. ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या दगडामागे ती मूठ दाबून ठेवते. कोपरगावकडच्या कारखान्यांना जाणाऱ्या गंगेकडच्या दगडामागे, बारामतीकडच्या मावळतीला, परभणीकडची दोन-चार घरं उगवतीला, आणि कोल्हापूर-कर्नाटकवाले सगळे खालच्या दगडामागे. बोटांचा ठसा तसाच राहू द्यायचा, वर कौल झाकायचं. मग नाना मधल्या दगडावर उभे राहून चारी बाजूंना भंडारा उडवतात, लिंबू कापतात आणि दिशा बांधतात. मला ते पाठ आहे. "चारी वाटांनो, गेल्याली पावलं मोजा. मोजल्याली परत आना. एक बी कमी करू नका."

त्या दिवसापासून टोळ्या परत येईपर्यंत, रोज सकाळी, नाना तांब्या घेऊन चारही दगडांवर पाणी घालतात. आणि परत आलेली बाई आधी दगडापाशी जाते, आपला ठसा ओळखते, माती उचलते, ती आपल्या उंबऱ्यापाशी टाकते आणि मगच घरात पाऊल ठेवते. माझी आईसुद्धा. आईचं करंगळीशेजारचं बोट कोयत्यानं वाकडं झालंय, त्यामुळे तिची मूठ लांबूनही ओळखू येते.

नानांना गेली चार वर्षं दिसत नाही. काचबिंदू. बायको आधीच गेलेली, एकुलता एक मुलगा कल्याणकाका चाकणला कंपनीत. तो दर दिवाळीला म्हणायचा, "नाना, चला माझ्याकडं." नाना दर दिवाळीला म्हणायचे, "तुझ्या तिसऱ्या मजल्यावर दिशा कुठं हायेत रं? तिथं नुसते जिने." ते एकटे राहायचे आणि सगळं पावलांवर मोजायचे. ओट्यापासून हौद नऊ. ओट्यापासून मधला दगड चौतीस. मधल्यापासून कुठलाही दगड अकरा. पाणी दगडावर पडलं की टपटप असा भरीव आवाज येतो, तो ऐकला की ते मागे वळायचे. एकदा मी विचारलं होतं, "नाना, चुकत कसं न्हाई?" तर म्हणाले, "डोळं चुकत्यात. पाय कशाला चुकंल?"

प्रदर्शनाचा विषय होता 'पारंपरिक ज्ञान आणि विज्ञान'. सर म्हणाले, "आपापल्या गावातलं शोधा काहीतरी. इंटरनेटवरचं आणलं तर मला लगेच कळतं." माझा हात सगळ्यांच्या आधी वर! "सर, आमच्या वस्तीवर चार दिशांचे दगड आहेत. शंभर वर्षांपूर्वी, होकायंत्र नसताना, अचूक मांडलेले!" सर इतके खूश झाले की त्यांनी लगेच प्रयोगशाळेच्या कपाटातून होकायंत्र काढून दिलं. मुख्याध्यापकांना बोलावून मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

अचूक हा शब्द माझा होता. मी काही मोजलं नव्हतं. मला तो बोलायला छान वाटला.

त्याच संध्याकाळी मी नानांना विचारायला गेले. दगड कुणी मांडले, कसे मांडले.

"माज्या आज्यानं," नाना म्हणाले. "पयली टोळी निघाली त्या दिवशी. सूर्य जिथनं वर आला तिथं पयला दगड ठिवला. मग त्याच्यावरनं बाकीचे."

मी वहीत लिहिलं, 'नानांचे आजोबा, शंभर वर्षे.' सूर्याचं लिहिलं नाही. मला थर्माकोल आणायला जायचं होतं.

दोन दिवसांत मॉडेल तयार. चार दगड, मधे सुई, वर निळ्या कागदाचं आकाश, आणि मोठ्या अक्षरांत 'होकायंत्राशिवाय अचूक दिशा!' फक्त खऱ्या दगडांचा फोटो राहिला होता. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर स्नेहलला घेऊन मी माळावर गेले. शनिवारी दुपारी नाना दाढी करायला गावात पारावर जातात, शेजारच्या लंकाबाईचा नातू त्यांना घेऊन जातो आणि घेऊन येतो. मी होकायंत्र मधल्या दगडावर ठेवलं. सुई थरथरली, थांबली.

गंगेकडचा दगड सुईच्या रेषेत नव्हताच. चांगला उजवीकडे सरकलेला होता. उगवतीचा पण खाली. चारही दगड एकाच अंगाला फिरलेले. कोनमापक लावला. पंधरा अंश.

"गेलं तुझं अचूक," स्नेहल म्हणाली.

"यंत्र बिघडलं असंल."

"मोबाईलवर बघ की मग."

मोबाईलवरही पंधरा. मी घामाघूम. सगळ्या शाळेत सांगून झालेलं, मुख्याध्यापकांना पाठ झालेलं, आणि सरांनी शाळेच्या ग्रुपवर माझं वाक्य टाकलेलं, शेवटी तीन झेंडे लावून.

"सरांना सांग, जरा तिरके हायेत म्हनून," स्नेहल म्हणाली. "पंधरा अंश म्हंजे काय लई न्हाई."

"अचूकला पंधरा अंश लई असत्यात, स्नेहे."

मग मीच म्हणाले, "फोटोपुरते सरकवू."

अडीच-तीन पावलं तर सरकवायचे होते. उगवतीचा आणि मावळतीचा आम्ही दोघींनी मिळून उचलले. गंगेकडचा गडगडत नेला. खालचा मोठा होता, त्याला काकूच्या घरून पहार आणली. दगडांच्या मागची कौलं फोटोत भंगारासारखी दिसत होती, म्हणून ती काढून बांधावर ठेवली. मग उघड्यावर आलेल्या त्या मुठी. त्या तिथे नुसत्याच, दगडाशिवाय, फार विचित्र दिसत होत्या, जणू कुणीतरी जमिनीखालून हात वर काढलेत. आणि दगडांचे जुने खड्डेही दिसत होते. मी चपलेनं सगळं सारखं केलं. चारही ठिकाणी. खालच्या दगडापाशी सगळ्यात जास्त मुठी होत्या. मी बघितलंच नाही कुठली कुणाची. खरं सांगायचं तर बघितलं. वाकडं बोट दिसलं. फोटोची घाई होती, ऊन उतरत होतं. मी त्याच्यावरूनही चप्पल फिरवली.

फोटो एकदम झकास आला. सुई, मधला दगड, गंगेकडचा दगड, एका रेषेत.

"आता परत ठिवू," स्नेहल म्हणाली. पण कुठे ठेवणार? खड्डे मीच बुजवलेले. तेवढ्यात तिच्या वडिलांचा फोन आला, म्हैस सुटली, लगेच ये. ती पळाली. पळता पळता म्हणाली, "आन् नानांचं काय?"

"त्यांना कुठं दिसतंय?" मी म्हणाले.

हे वाक्य मी मोठ्यानं म्हणाले. माझ्या त्या नव्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर होते. थंडी होती, हंडा अर्धा भरला होता. आधी तांब्या दगडावर आपटल्याचा आवाज आला आणि मग नानांचं ओरडणं. मी पोहोचले तेव्हा ते आपल्याच घराच्या वाटेवर पालथे पडले होते. गंगेकडचा दगड मी सुईच्या रेषेत ठेवला होता ना, ती नवी जागा नेमकी मधल्या दगडाकडून त्यांच्या ओट्याकडे येणाऱ्या वाटेवर होती. जाताना ते हौदावर तांब्या भरून तिकडूनच दगडांकडे जायचे, पण परतायच्या त्या चौतीस पावलांच्या सरळ वाटेवर ते कधी काठी टेकवत नव्हते. उजवं मनगट मोडलं होतं.

"मोने," ते मला धरून म्हणाले, "मी कुठं पडलोय?"

"वाटंवर, नाना. तुमच्या वाटंवर."

"न्हाई गं. वाटंवर दगड कुठनं येईल? मी रानात गेलो. उगवतीला गेलो तर दगडच न्हाई. पानी मातीत गेलं, आवाजच आला न्हाई. पायाखाली भुसभुशीत, नांगरल्यासारखं. खालच्या अंगाला बी तसंच. अकराच मोजली हुती मी. अकराच मोजली."

मी त्यांच्या डोक्यावरची माती झाडत होते. तोंड उघडायचं होतं ते तेव्हाच. मी म्हणाले, "उठा नाना, थंडी वाजंल."

लोकांनी त्यांना पिकअपमध्ये बसवून पाथर्डीला नेलं. जाताना लंकाबाई म्हणाली, "म्हाताऱ्याला आता घरदार बी उमगंना." सगळे तिथूनच चालले होते, पण दगड तीन पावलं सरकलाय हे कुणालाच कळलं नाही. रोज बघणाऱ्यांनी ते दगड कधी नीट बघितलेच नव्हते. ते फक्त नानांना ठाऊक होते.

मंगळवारी पहिला नंबर. परीक्षकबाईंनी तो फोटो हातात धरून सगळ्यांना दाखवला. म्हणाल्या, "बघा, आपले पूर्वज!" मी माईकवर बोलले. माईक चालू होता तरी ओरडूनच बोलले. पुढच्या महिन्यात जिल्ह्याला, नगरला जायचं होतं. मला ढाल मिळाली, सरांनी मला पेढा भरवला, आणि तो पेढा गिळता गिळता मला एकदम उंबऱ्याची माती तोंडात गेल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी काकूनंच पाठवलं, "जा, नानांना पाया पड. त्यांच्याच आज्याचं नाव झालं."

नाना ओट्यावर होते. प्लास्टरचा हात मांडीवर, तांब्या शेजारी पालथा. तीन दिवस दगडांवर पाणी पडलं नव्हतं. मी ढाल त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी ती बोटांनी सगळीकडून बघितली.

"चांगली जड हाय की! पयला नंबर?"

"व्हय."

"माजा आज्या लई हुशार हुता बघ. यंत्राला बरोबर आलं ना त्याचं?"

सांगायची ही दुसरी वेळ होती. आणि मी म्हणाले, "व्हय नाना. तंतोतंत."

ते बराच वेळ ढालीवरून हात फिरवत राहिले.

"म्हंजे दगड बरोबर हायेत," ते म्हणाले. "मीच चुकलो. मला वाटत हुतं, कुनीतरी दगड हलवलं असत्याल. तसं आलं हुतं मनात, उगं कशाला खोटं बोलू. आता तूच यंत्र लावून बघितलंयस म्हनल्यावर. डोळं गेलं तवा वाटलं, पाय हायेत. आता पाय बी गेलं." मग एकदम आवाज बदलून म्हणाले, "कल्याणला फोन लाव. म्हनावं, येतो मी."

मी फोन लावून दिला. माझ्याच फोनवरून. कल्याणकाकांना आधी खरं वाटेना. "नाना, खरंच येताय? चाकणला?" मग म्हणाले, "रविवारी गाडी घेऊन येतो."

त्या आठवड्यात मी किती वेळा माळावर गेले! एकदा रात्री स्वप्नात, एकदा शाळा बुडवून, एकदा पहार घेऊन. दगड मागे सरकवायचे आणि कुणाला काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. दगड जागेवर गेले असतेही. पण नाना तर चाललेच होते. त्यांना कोण सांगणार होतं की तुमचे पाय चुकले नाहीत? मी पहार तशीच परत आणली.

आणि हो, त्याच आठवड्यात बुधवारी मला सूर्याचं कळलं. भूगोलाच्या तासाला, फळ्यावर. दिवाळीनंतर सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, दक्षिणेकडे सरकून उगवतो. टोळी निघायच्या दिवशी सूर्य जिथून वर आला तिथे दगड. पंधरा अंश. नानांचा आजा चुकलाच नव्हता. त्यानं त्या दिवसाची उगवत मांडली होती, निघायच्या दिवसाची. नानांनी मला हे सांगितलं होतं, आणि माझी वही उघडी असताना मी ते लिहिलं नाही. खरं प्रदर्शन तेच होतं. मी बाकावर डोकं टेकून बसले. बाईंनी विचारलं, "पोटात दुखतंय का गं?" मी म्हणाले, "हो."

रविवारी पांढरी गाडी आली. नानांचं सामान म्हणजे एक पिशवी, एक गोधडी आणि तांब्या. कल्याणकाकांनी दाराला कुलूप लावलं. वस्तीवरचे लोक जमले होते. नाना गाडीत बसले, दार लागलं, आणि ते विचारत होते, "ह्या गाडीचं तोंड कुनीकडं हाय?"

"रस्त्याकडं, नाना," कल्याणकाका म्हणाले. "कुठं का असंना."

तेव्हा मी बोलले. माझा तो लिंबापर्यंत जाणारा आवाज कुठे गेला होता देव जाणे. गाडीच्या खिडकीला धरून मी पुटपुटले. "नाना, दगड मी हलवलं."

"काय म्हनलीस?"

"दगड मी हलवलं! फोटोसाठी. शनिवारी. तुमी दाढीला गेला तवा. तुमी रानात न्हाई गेला. तुमी अकराच चालला. दगडच नव्हता तिथं."

कल्याणकाका माझ्याकडे असे बघत होते की मला वाटलं आता कानाखाली बसणार, आणि बसली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मोने, अगं हात मोडलाय त्यांचा."

"दार उघड," नाना म्हणाले.

"नाना, आता बसा, मी बघतो हिच्याकडं."

"कल्याण, दार उघड म्हनतो."

ते उतरले. आपल्या ओट्याला हात लावला, वळले, आणि चालायला लागले. ओठ हलत होते. वाटेवरच्या दगडापाशी मी पुढे धावले, तर त्यांनी मला डाव्या हातानं बाजूला केलं, दगड पायानं चाचपला, त्याला वळसा घातला आणि मोजणी तिथूनच पुढे चालू ठेवली. चौतीस. मधला दगड. तिथे उभे राहून त्यांनी गालावर ऊन घेतलं, जरा तिरके झाले. मग उगवतीला. एक, दोन, तीन. आता सगळी वस्ती मनातल्या मनात मोजत होती, मला ऐकू येत होतं. अकरा. त्यांनी चप्पल काढली आणि अंगठ्यानं माती उकरली. टणक माळात हातभर रुंदीची भुसभुशीत माती. बुजवलेला खड्डा. अगदी पायाखाली.

"हाय का न्हाई?" नाना ओरडले. "कल्याण! हाय का न्हाई?"

"हाय, नाना," कल्याणकाका म्हणाले.

आणि नाना हसले. मोडलेला हात छातीशी धरून असे हसले की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मला म्हनत हुते घर उमगंना! लंके, कुठं हायेस? ये, मोज!" मला वाटलं, संपलं. माफ. माझ्याही चेहऱ्यावर हसू आलं होतं, लाज वाटते सांगायला, पण आलं होतं.

मग ते हसायचे थांबले. "आन् मुठी?"

मी माझ्या चपलेकडे बघितलं.

"पोरी, मागच्या मुठी कुठं हायेत?"

"मी सारख्या केल्या. पायानं."

"चारी ठिकानी?"

"व्हय."

नाना तिथेच खाली बसले. डाव्या हातानं माती चाचपत म्हणाले, "दगडाचं काय न्हाई, दगड परत ठिवू. माज्या हाताचं बी न्हाई, हाडाला हाड लागतं. माज्याकडनं तुला माफ हाय. पन त्या मुठी माज्या न्हाईत. ते मला माफ करता येत न्हाई. ज्याच्या त्याच्या हायेत. टोळ्या आल्या की तू दगडापाशी उभी राह्यची आन् तूच सांगायचं. मी सांगनार न्हाई."

भाड्याची गाडी रिकामी परत गेली. कल्याणकाकांनी चार दिवस रजा काढली होती, ती इथेच काढली. जाताना माझ्या काकूला म्हणाले, "वहिनी, प्लास्टर निघेपर्यंत त्यांचं जेवण तुमच्याकडं." काकू म्हणाली, "जेवन माज्याकडं, आन् पोचवायला ही."

दहिफळे सरांना मी सोमवारी सांगितलं. ढाल टेबलावर ठेवली. सर म्हणाले, "अगं, ग्रुपवर दोनशे लोकांनी अभिनंदन केलंय." मी म्हणाले, "सर, मग त्यांना पण सांगू?" त्यांनी कपाळाला हात लावला. नगरला दुसऱ्या शाळेचं ठिबक सिंचनाचं मॉडेल गेलं.

तेव्हापासून रोज सकाळी नाना पुढे आणि मी तांब्या घेऊन मागे. दगड त्यांनीच पायानं जागा दाखवून पुन्हा बसवून घेतले, माझ्याकडून आणि स्नेहलकडून. कौलं परत झाकली. खाली नुसती सपाट माती. पाणी पडलं की टपटप वाजतं, नाना वळतात. ते माझ्याशी हसतात, बोलतात, भाषण म्हणून दाखव म्हणतात. खालच्या दगडापाशी मात्र काही बोलत नाहीत. मी पण नाही.

दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि आठवड्यानं पहिला ट्रॅक्टर आला. कर्नाटकातून. अजिनाथमामा आणि भीमाबाई, आमच्या मागच्या घरातले. सामान उतरायच्या आधी भीमाबाई पदर खोचत दगडाकडे आली. उन्हानं काळीठिक्कर पडली होती. मला बघून म्हणाली, "अगं मोने, केवढी झालीस! पेपर कसं गेलं?"

"चांगले गेले," मी म्हणाले. मग सांगितलं. सगळं. चपलेचं पण सांगितलं, ते न सांगता चाललं असतं.

नाना मधल्या दगडावर उभे होते, पाठ करून.

भीमाबाईनं कौल उचललं. खाली बघत राहिली. "आमची कुठल्या अंगाला हुती गं? उजवीकडं, का ह्या कडंला?"

"मला माहीत न्हाई, मामी."

तिनं एका जागेची माती उकरून मुठीत घेतली. मूठ उघडून बघितली. परत मिटली. कुणाची असेल ती, आमची, कुणाची. मग तिनं ती हळूच होती तिथे ठेवली, कौल झाकलं, आणि हात साडीला पुसले.

"असू दे," ती म्हणाली.

तिनं घराचं कुलूप काढलं. दार उघडलं. आणि उंबऱ्यापाशी बराच वेळ तशीच उभी राहिली, रिकाम्या हातांनी, आत जायचं की नाही हे न कळल्यासारखी. अजिनाथमामा मागून म्हणाले, "चल की." तेव्हा गेली.

रात्री आईचा फोन आला. त्यांचा फड संपला, परवा निघतायत. तिनं विचारलं, "नाना घालत्यात ना पानी?"

"घालत्यात," मी म्हणाले. "मी पन असते."

"मी आले की आधी दगडापाशी येते. तू तिथंच थांब."

"थांबते," मी म्हणाले.